आमचा एक

मी शाळेत खिचडी शिजवते.
पोरींसंगं एक बाई पाहिजे, असा कागद आला
मून निखाडे सरांनी मले गाडीत बसवलं,
मांडीवर भाकरीचं गठुडं, पायाशी काठ्या,
त्यातल्या दोनीले सायकलच्या ट्यूबची पट्टी.
अकरा पोरी. बारावी महिमा,
तिले आर्णीपासूनच वांत्या.

पुसदचं ग्राउंड हिरवं.
हिरवं म्हंजे बिलकुल गवत, कोनी चारत नाई त्याले.
आमच्या पोरी खेळतात सुकल्या तलावाच्या पोटात.
तठी चेंडू उडते, भेगीत अटकते,
कवा कुठं जाईन त्याचा नेम नाई,
त्या नेम नसल्याचीच सवय त्याहिले.
अठी चेंडू सरळ आला.
सरळ आला मूनच कोनाले भेटला नाई.

पयला गोल झाला तवा आचल लेस बांधत होती.
दुसरा, तिसरा मले दिसलाच नाई,
मी पान्याची कॅन सावलीत सरकवत होती.
चवथ्याले सर उठले. पाचव्याले बसले.
मंग बसूनच राह्यले,
शिट्टी तोंडात, नुस्ती चघळत.

दोरीच्या पलीकडं त्या गावच्या आया,
खुर्च्या, छत्र्या, डब्यात सोललेली संत्री.
एकीनं ईचारलं, "तुमची कोनती वं?"
म्हटलं, साऱ्याच.
तिनं एक फोड देल्ली. आंबट होती.
तरी खाल्ली, बिया मुठीत धरून बसली.

फळीपाशी एक पोट्टा, फैजान.
टिनाचे आकडे, खिळ्यावर टांगाचे.
घरच्याची एक पेटी, पाव्हन्याची एक पेटी.
त्यांचे आकडे उन्हानं फिके पडलेले,
आमच्या पेटीतले चकचकीत,
शून्य सोडून. शून्य तेवढं झिजलं होतं.

दहा झाले. त्यानं एक टांगला, शून्य टांगलं.
अकरावा झाला अन् पोट्टा थांबला.
एक एकच होता त्याच्यापाशी.
त्यानं आमच्या पेटीत पाह्यलं, मंग माह्याकडं.
"मावशी, तुमचा एक घेऊ का?"
काय म्हनाव मानसानं?
म्हटलं, घे बापा, तसाही पडूनच हाये.

गोलात सगुना कुमरे,
पायाले जुन्या गादीचा फोम, ट्यूबनं आवळलेला.
तिनं वळून फळीकडं पाह्यलं.
त्यांच्या फिक्या एकाच्या बाजूले
आमचा नवा एक उन्हात चमकत होता,
दुरून समजे कोनाचा होय ते.
तिनं काठी टेकली, अन् साऱ्या ग्राउंडाले आयकू जाईन असं ओरडली,
"काकू! तो आपला होय नं वं?"

सरांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली.
मी मान हालवली.
पंचानं हातानंच सांगतलं, खेळा.

त्यानंतर दोनदा ती आडवी पडली
अन् चेंडू तिच्या पोटावर आपटून मांगं गेला.
त्याले खिळा नव्हता कुठं.
बारावा झाला. फैजाननं आमचा एक उतरवला,
शर्टाले पुसला, पेटीत ठेवला, पालथा.
तेरा. चौदा.

शेवटच्या पाच मिनटाले महिमा उतरली,
वांतीनं तोंड पांढरं,
अन् कोन जाने काय झालं, चेंडू घेऊन निंघाली,
मधली रेघ वलांडून गेली.
त्यांची गोलकीपर बसून गवत उपटत होती,
ते हडबडून उठली.
बस, तेवढंच.
चेंडू काठीखालून घसरून बाहेर गेला,
माह्या पायापाशी आला. मी उचलला.
एवढा जड असते हे मले ठावं नव्हतं.

वापस येताना सरांनी दिग्रसले आलुबोंडे घेतले,
आपल्या खिशातून.
सारा रस्ता बोलले नाईत.
आर्णी गेल्यावर एकच शब्द बोलले, "गवत."
कोनी काई म्हटलं नाई.

सगुनाच्या ट्यूबच्या गाठी सुटल्याच नाईत.
चाकू नव्हता गाडीत.
ते तशीच झोपली, फोमचे पाय माह्या मांडीवर टाकून,
तिच्या पायाले गवताचा वास येत होता.
अंधारात मले आठवलं,
उद्याचे वटाने भिजू घालाचे राह्यले.